कॉफी घेत नव्हते ते दिवस

आधीच सांगते, माझे अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमले नाही. चौथी झाली आणि शाळा सुटली. त्यानंतर लिहायचे म्हणजे वाण्याची यादी आणि वर्षाकाठी दोन-चार कार्डे. चुकले असेल ते सांभाळून घ्यावे. कोणी घ्यावे तेही मला ठाऊक नाही, कारण ही वही मी पिठाच्या डब्यामागे ठेवते. सुशे, तू माझी धाकटी बहीण, लग्न होऊन तूही लांब गेलीस, नागपूरला, म्हणून लिहिताना तू समोर बसली आहेस असे धरून चालते. कार्डावर हे मावणार नाही, आणि कार्ड पोस्टमनही वाचतो.

मी निघाले त्या दिवशी तू रडली नाहीस. चिडली होतीस. कऱ्हाड स्टेशनावर माझ्या वळकटीवर बसून राहिलीस, हमालाला उचलू देईनास. आईने कापडात गुंडाळून चहाची किटली आणली होती. तात्या फलाटावर उकिडवे बसून बशीत फुंकर मारत होते आणि मला म्हणत होते, "घे अजून अर्धा. पुढे आपला चहा कुठे मिळणार?" मी नको म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारले, मी पुन्हा नको म्हणाले, मग त्यांनी ओतलाच आणि मी प्याले. आपल्याकडे असेच चालते, त्यात लिहिण्यासारखे काही आहे असे तेव्हा वाटले नव्हते.

गाडीची घंटा झाली तेव्हा आईने मला पाण्याच्या टाकीमागे ओढले आणि गाठ मारलेला रुमाल माझ्या चोळीत खोचला. म्हणाली, "चाळीस आहेत. तुपाचे साठवले. जावईबापूंना सांगू नको. नाही करमले तर गाडीत बसायचे आणि यायचे. कोणी काही बोलले तर मी बघून घेईन."

हुबळीपर्यंत फलाटावर चहावाले ओरडत होते. मग डोळा लागला. अर्सीकेरेला पहाटे जाग आली तर 'काप्पी, काप्पी' चालले होते आणि चहाचे नाव नव्हते. मुलूख बदलला हे मला त्या ओरडण्याने कळले.

इथे आमचे बिऱ्हाड चिकपेटच्या मागच्या बाजूला एका वठारात आहे. वठार म्हणजे मधे अंगण, एक नळ, आणि भोवती आठ बिऱ्हाडे. हे सरकारी कारखान्यात, सकाळी सहाच्या बसने जातात आणि अंधार पडता पडता येतात. भिंतीला लागून रत्नक्का राहते. तिच्या नवऱ्याला सगळे अण्णा म्हणतात, त्यांचे बाजारात शिवणाचे दुकान आहे. ही माणसे आपलीच, मराठीच बोलतात, पण पाच-सहा पिढ्यांपूर्वी इकडे आलेली. त्यांचे मराठी ऐकताना आपल्याच लुगड्याला दुसऱ्याचा काठ लावल्यासारखे वाटते. थोडेला 'स्वल्प' म्हणतात, बरेला 'सरी'.

पहिल्याच सकाळी तिने भिंतीवर थाप मारून मला बोलावले आणि पितळी पेल्यात वाफाळती कॉफी पुढे केली. आपल्याकडे कॉफी केव्हा होते? कोणी तापाने पडले तर, नाहीतर मामलेदार आले तर. वडी फोडायची, दुधात उकळायची, जायफळ किसायचे. म्हणून मी घाबरून विचारले, "घरात कोण आजारी आहे?"

रत्नक्का डोळे मोठे करून म्हणाली, "अय्यो, सकाळी सकाळी काय बोलतेस! कॉफी नाही प्यालं तर आजारी पडतात ग."

मी पेला तोंडाला लावला तर तिने हात धरला. इथे वरून धार सोडून पितात, ओठ लावत नाहीत, पेला उष्टा होतो. मी धार सोडली ती हनुवटीवरून चोळीत गेली. तिने हसून फडके दिले आणि दुसरा पेला भरला, तीनदा न विचारता. मला ते तेव्हा थोडे उद्धट वाटले होते.

हॉटेलातली गोष्ट तर तेव्हा मी कोणाला सांगितली नव्हती. एका रविवारी ह्यांनी मला बाजारात नेले आणि वाटेत हॉटेलात बसवले. बायकांसाठी लाकडी फळ्यांची वेगळी खोली असते, तिला पडदा. हे म्हणाले, "मी साहेबांकडे कागद देऊन अर्ध्या तासात येतो. तुला काय हवे ते माग." वेटर आला. खांद्यावर फडके, फार अदबीचा माणूस. काय हवे म्हणून विचारले. परक्या माणसाने विचारल्यावर हवे असे कसे म्हणायचे? मी मान हलवली, नको. तो गेला. थोड्या वेळाने पुन्हा आला, पुन्हा विचारले. मी पुन्हा नको म्हणाले, आणि मनात म्हटले, आता तिसऱ्यांदा विचारील तेव्हा हो म्हणावे. तो आलाच नाही. फळीपलीकडे एक बाई ठणकावून सांगत होती, एक कॉफी दोघींत, साखर कमी, डिकाक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, जास्त. तिच्या पेल्यांचा आवाज ऐकत मी तासभर कोरड्या घशाने बसले.

हे आले आणि टेबल बघून कपाळावर हात मारला. "अगं, तो वेटर आहे. तुझा मामा नव्हे आग्रह करायला!"

सुशे, त्या वर्षी मी एका जागी बसू शकत नव्हते. हे गेले की दाराशी, दारातून खिडकीशी, खिडकीतून नळाशी. दुपारी गाडीची शिटी आली की पुन्हा दाराशी. मग ट्रंक उघडायची, तळचा रुमाल चाचपायचा, गाठ तशीच आहे ना बघायची आणि ट्रंक लावायची. चाळीस रुपये आहेत म्हणजे आज नाही तर उद्या जाता येईल, एवढ्यावर दिवस निघायचा. खरे सांगते, जायचे होते की नाही हे मला ठाऊक नव्हते. जाता येते हे हवे होते.

माघात रत्नक्का एका दुपारी उंबऱ्यात येऊन बसली. तिची लीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, तिला पायांवर सूज, डॉक्टरांनी इंजेक्शने लिहून दिलेली, आणि अण्णांच्या दुकानात लग्नसराईशिवाय पैसा फिरत नाही. ती रडली नाही की काही नाही. सरळ म्हणाली, "चाळीस रुपये पाहिजेत. उगादीला देतो." उगादी म्हणजे आपला पाडवा. मी आत गेले, ट्रंक उघडली आणि रुमाल तसाच तिच्या हातात दिला. इतक्या सरळ मागणाऱ्याला नाही कसे म्हणतात हे मला येत नव्हते.

पाडवा झाला. तिने कडुनिंब आणि गूळ आणून दिला, पैशांचे काही बोलली नाही. मी म्हटले, विसरली असेल. मग तात्यांचे कार्ड आले. "आईचे पाय सुजले आहेत. महिना झाला अंथरुणावर आहे. तुझी आठवण काढते. काळजी नसावी." तात्या काळजी नसावी असे लिहितात तेव्हाच काळजी असते.

ह्यांना कार्ड दाखवले. हे वाईट माणूस नाहीत. दोनदा वाचले आणि म्हणाले, "कारखान्यात नवी मशीन बसवतायत, एक दिवस रजा नाही. आणि महिनाअखेर आहे, बघतेस ना. दिवाळीला नक्की जाऊ." दिवाळी सहा महिन्यांवर होती. माझ्या चाळीस रुपयांचे नाव काढायची सोय नव्हती.

मग मी आपल्या घरच्या रीतीने मागायचे ठरवले. तुला आत्या आठवते ना? बांधावरच्या दोन आंब्यांवरून तात्यांशी बिनसले तेव्हा ती भांडली नाही, कचेरीत गेली नाही. तिने तात्यांच्या घरचा चहा सोडला. अकरा वर्षे. माझ्या लग्नात आली, हळद लावली, पंगतीला वाढले, पण पाण्याचा थेंब घेतला नाही. सगळ्या गावाला त्याचा अर्थ कळत होता. तात्यांना घास गोड लागत नसे. आंबे तिच्या नावावर सोडले त्या दिवशी ती स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "वहिनी, चहा टाक." एवढे झाले आणि भांडण मिटले.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर थाप पडली. मी गेले. रत्नक्काने पेला पुढे केला.

"नको," मी म्हटले.

"स्वल्प तरी घे."

"नको. आजपासून मी कॉफी घेणार नाही."

घरी मी चहाच करत होते, कॉफी मला मिळायची ती तिच्याकडेच. त्यामुळे मला वाटले, याहून उघड काय बोलायचे? रत्नक्काचे डोळे भरून आले. तिने पेला बाजूला ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "सरी, सरी." मी घरी आले आणि दार लावले. माझ्या आयुष्यात मी कोणावर एवढे रागावले नव्हते.

पैसे आले नाहीत. केळी आली, ती मी परत केली. दुसऱ्या दिवशी वेलची घातलेले गरम दूध आले. "दूध चालतं ना ग?" मी म्हटले, ते पण नको. तिने तोंडावर हात ठेवला. त्या दिवसापासून वठारातल्या बायका मला बघितले की डोक्यावर पदर घेऊ लागल्या. नळावर मला पहिला नंबर मिळू लागला. समोरची म्हातारी एका सकाळी काठी टेकत आली आणि माझ्या पाया पडली. मी ओरडलेच. मला वाटले, चेष्टा चालली आहे, की पैसे बुडवायचे म्हणून गोड गोड वागतायत. जितके त्या जपत तितकी मी जास्त जळत होते. आणि सकाळी भिंतीपलीकडून ताज्या कॉफीचा वास आला की तोंडाला पाणी सुटत होते, हेही लिहिते. तिकडून येताना मला चहा सुटल्याचे दुःख होते आणि आता दुसऱ्याच्या कॉफीसाठी जीव टांगला होता.

असे एकवीस दिवस गेले. लीलेला कळा सुरू झाल्या, दोन दिवस अडली, तिसऱ्या पहाटे मुलगी झाली. दोघी सुखरूप.

ऊन अंगणात आले तेव्हा रत्नक्का माझ्या दारात उभी. ताटात कुंकू, शेवंती, नारळ, पान-सुपारी आणि मधोमध कॉफीचा पेला. मागे वठारातल्या सगळ्या बायका.

"चल, तोंड उघड," ती म्हणाली. "आता सोडायचं."

"काय सोडायचं?"

"नेम ग! माझ्या लीलेसाठी तू कॉफी सोडलीस, दूध सोडलंस. नेमाचं विचारू नये म्हणून मी गप्प होते. पैसे दिलेस ते वेगळं, पण असं सख्खी बहीण करत नाही." आणि तिने माझ्या कपाळाला कुंकू लावले.

सुशे, मी काय करायला हवे होते? पेला घेतला असता तर मी देवी झाले असते. सगळ्यांचे चांगले झाले असते. पण देवीला चाळीस रुपये परत मागता येत नाहीत. आणि तिकडे आई अंथरुणावर. माझ्या तोंडातून निघून गेले, "नेम नव्हता, अक्का. राग होता."

"कसला राग?"

"माझ्या चाळीस रुपयांचा. तुम्ही उगादीला देणार होतात. माझी आई आजारी आहे. ते माझे जायचे पैसे आहेत."

समोरची म्हातारी म्हणाली, "मग मी पाया पडले ते?"

कोणीतरी फिसकन हसले. रत्नक्का हसली नाही. तिचा चेहरा उतरला होता. तिने ताट खाली ठेवले, पदर खोचला आणि माझ्यावर बरसलीच. "तोंड कशाला दिलंय देवानं? आई आजारी आहे आणि तू केळी परत करत बसलीस? अक्का, पैसे पाहिजेत, एवढं म्हणायला काय झालं? कॉफी न पिऊन कोण पैसे मागतं? मला काय स्वप्न पडणार?"

"आमच्याकडे असेच मागतात," मी म्हटले.

"तुमच्याकडं! मग तुमच्याकडं हॉटेलात काय करतात? उपाशी बसतात?"

मी खाली मान घालून म्हटले, "हो." आणि का कोण जाणे, तिला त्या रविवारची सगळी हकिकत सांगितली, दोनदा नको म्हटलेली आणि तिसऱ्याची वाट बघितलेली. ती ऐकता ऐकता उंबऱ्यावर बसली आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसून झाल्यावर मात्र हळू म्हणाली, "तू मागितलं नाहीस, म्हणून मला वाटलं तुला घाई नाही. इथं ज्याला पाहिजे तो मागतो. न मागणाऱ्याचं मागं राहतं. माझी चूकच आहे, पण तू सुद्धा थोर आहेस."

तांदळाच्या डब्यातून तिने बारा रुपये आणून दिले. बाकीचे दर शनिवारी, अण्णांच्या दुकानाची उधारी वसूल होईल तसे. आणि बजावून गेली, "आता तुला मी कॉफी विचारणार नाही. पाहिजे तर मागायची."

तिने शब्द पाळला. चार दिवस माझ्यासमोर बसून कॉफी प्याली, बाळाचे कौतुक सांगितले, मला विचारले नाही. मी रिकाम्या हाताने उठून येत होते. पाचव्या दिवशी मी भिंतीवर स्वतः थाप मारली.

"अक्का, कॉफी."

"किती?" आतून आवाज आला.

"पेला भरून."

"साखर?"

"दोन चमचे."

"डिकाक्शन जास्त की दूध जास्त?"

हे मला कोणी कधी विचारले नव्हते. आपल्याकडे चहा जसा सगळ्यांचा तसा आपला. मला कशी आवडते याचा मी विचारच केला नव्हता. शेवटी म्हटले, "डिकाक्शन जास्त." ती कॉफी फार कडू झाली होती. मी संपवली.

ह्यांना मी आपणहून सगळे सांगितले. हे म्हणाले, "चाळीस रुपये ट्रंकेत होते आणि मी महिनाअखेरीला उसने मागत फिरत होतो?" आणि नंतर, पाठ फिरवून बूट घालताना, "तेवढे वाईट वाटत होते का इथे?" मी म्हटले, वाटत होते. हे म्हणाले, "एकटी जाशील? मिरजेला तहान लागली तर कोण मागणार?" मी म्हटले, मी मागीन.

तात्यांचे दुसरे कार्ड आले आहे. आई भिंतीला धरून उठते आहे, पण तिचे एकच चालले आहे, थोरली कधी येते. माझा जीव अजून थाऱ्यावर नाही. गाडीच्या शिटीला अजून मी दाराशी जाते. फक्त आता एक नवीन झाले आहे. तिकडे गेल्यावर काय होईल हे मनात आणते तेव्हा आई चहा विचारताना दिसते, आणि मी पहिल्याच वेळी हो म्हणते, आणि तिचा चेहरा कावराबावरा होतो, पोरीला तिकडे खायला-प्यायला मिळत नाही की काय म्हणून. हे मनात आले की हसू येते आणि मग येत नाही. घर म्हणजे जिथे आपल्याला तीनदा विचारतात असे मी समजत होते. इथे एकदाही विचारत नाहीत आणि तरी भिंतीला थाप मारायला माझा हात आपोआप जातो. दोन्हीकडे मी थोडी चुकीचीच वागणार आता. तुझे नागपूरला काय झाले आहे ते तू कधी लिहीत नाहीस.

आज शनिवार. दुपारी रत्नक्का बाळाला कडेवर घेऊन आली आणि पायरीवर शेवटचे सात रुपये ठेवले. पाचाची एक नोट, बाकी सुटे. म्हणाली, "मोज." मी म्हटले, असू द्या हो, मोजायचे काय. तिने नुसते माझ्याकडे बघितले. मी मोजले. मग आतून आधीचे आणले आणि सगळे मिळून तिच्यासमोर पुन्हा मोजले.

"परत कधी येणार?" तिने विचारले.

"पंधरा दिवसांनी."

चाळीस पुरे भरले. जायचे आणि यायचे, दोन्ही तिकिटे त्यात बसतात.